खाते आपले, नोकरीही आपली : समाजमाध्यमे आणि सातारा-सांगलीतील आपले तरुण

ऑगस्ट २०२३ मध्ये साताऱ्यात एका अल्पवयीन मुस्लिम मुलाच्या इन्स्टाग्राम खात्यावरून आक्षेपार्ह मजकूर टाकला गेला आणि वातावरण तापले. पोलिसांनी तपास केला तेव्हा निघाले भलतेच. त्या मुलाच्या खात्यात दुसऱ्याच एका तरुणाने शिरकाव केला होता आणि मजकूर त्याने टाकला होता. पुढे काही आठवड्यांतच, १० सप्टेंबरच्या रात्री, खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरील मजकुराचे निमित्त होऊन जमाव चालून गेला. एका तरुणाचा जीव गेला. जिल्ह्यातले इंटरनेट बंद करावे लागले. दोन्ही घटना वेगळ्या आहेत, त्यांची सरमिसळ करण्याचे कारण नाही. पण पहिल्या घटनेतली गोष्ट फार महत्त्वाची आहे : ज्याचे खाते होते त्याने लिहिले नव्हते, आणि लोकांचा राग मात्र त्याच्यावर होता.

आपल्या समाजातल्या मुलामुलींनी ही गोष्ट दुसऱ्याची म्हणून बाजूला ठेवू नये. डीपीला बाबासाहेबांचा फोटो, नावापुढे निळे हृदय, आणि त्या खात्यावरून एका रात्रीत कुणा महापुरुषाविषयी वाईटसाईट मजकूर. गावात दुसऱ्या दिवशी काय होईल हे सांगायला नको. तपासात खरे काय ते बाहेर येईल, पण तोपर्यंत वस्तीवर दगड आलेला असेल. आणि तो मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असेल, आरोग्य खात्यात कंत्राटावर असेल किंवा कुपवाड एमआयडीसीत हंगामी कामगार असेल, तर नोकरीही टांगणीला लागलेली असेल. आपल्याकडे अनेक घरांत पगाराची नोकरी ही अजून पहिल्याच पिढीची आहे. एकाच्या निलंबनाने बहिणीचे शिक्षण थांबते, घराचा हप्ता थकतो.

म्हणून खात्याची सुरक्षितता आणि नोकरीतले नियम हे दोन विषय इथे एकत्र घेतले आहेत. एरवी पहिला विषय कॉम्प्युटरवाल्यांचा आणि दुसरा आस्थापना शाखेचा समजला जातो.

खात्यात शिरतात कसे

‘हॅक’ हा शब्द ऐकला की अंधाऱ्या खोलीत बसलेला कुणी हुशार माणूस डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कुलूप तोडावे लागतच नाही, किल्ली आपणच दिलेली असते.

आपल्या भागातली सर्वांत नेहमीची जागा म्हणजे फॉर्म भरून देणारे दुकान. शिष्यवृत्तीचा अर्ज, जात पडताळणी, पोलीस भरती, सगळे तिथेच होते. कागदपत्रे फोनमध्ये असतात, म्हणून दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप उघडून पीडीएफ काढली जाते. घाईत ते तसेच उघडे राहते. व्हॉट्सअ‍ॅप असे एकदा जोडले की आपला फोन बंद असला तरी त्या कॉम्प्युटरवर संदेश येत राहतात आणि तिथून जातही राहतात. दुकानदार भला असेल, पण त्याच खुर्चीवर दिवसभरात पन्नास जण बसतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ म्हणून जागा आहे. हा लेख वाचता वाचता ती उघडा. ओळखीचे नसलेले काही दिसले तर लगेच लॉग आउट करा. जीमेलचे आणि फेसबुकचेही असेच पाहता येते.

दुसरा मार्ग सहा आकडी कोडचा. आपला नंबर दुसऱ्याच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाकला की कोड आपल्याकडे येतो. मग ओळखीच्याच कुणाच्या नंबरवरून संदेश येतो, “अरे, चुकून माझा कोड तुझ्याकडे आलाय, पाठव ना.” त्या ओळखीच्याचे खाते आधीच गेलेले असते. कोड दिला की आपलेही गेले. यावर उपाय म्हणजे ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’. त्यात आपण स्वतः एक सहा आकडी पिन ठरवतो. मग कोड मिळाला तरी पिनशिवाय दार उघडत नाही. उलट आपण तो पिन ठेवला नसेल आणि चोराने खाते घेऊन स्वतःचा पिन लावला, तर खाते परत उघडायला आपल्याला सात दिवस थांबावे लागू शकते. सात दिवस हा फार मोठा काळ आहे. मात्र आपल्या फोनवर आपला नंबर पुन्हा नोंदवून कोड टाकला की चोर तेवढ्यापुरता बाहेर पडतो, म्हणून ते आधी करावे.

लग्नसराईत एपीके फाइलची लग्नपत्रिका येते. वाहनाचे चलन म्हणूनही येते. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते अ‍ॅप आहे, आणि ते टाकून घेतले की फोनमधले एसएमएस दुसऱ्याला वाचता येतात. बँकेचा ओटीपीही त्यातच आला.

आणि पासवर्ड. आपल्यापैकी किती जणांचा पासवर्ड जयभीम१२३ आहे किंवा १४०४१८९१ आहे, याचा प्रत्येकाने मनातल्या मनात विचार करावा. श्रद्धा समजू शकते, पण हा पासवर्ड आपला फोटो पाहून पाच मिनिटांत कुणीही ओळखेल.

एका धोक्याकडे जवळपास कुणाचेच लक्ष नसते, तो म्हणजे सोडून दिलेला नंबर. प्रीपेड सिम नव्वद दिवस वापरात नसेल तर ते बंद होऊ शकते, आणि पुढे काही काळाने तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. कॉलेजात असताना घेतलेल्या सिमवर फेसबुक उघडले, पुण्याला नोकरीला गेल्यावर सिम बदलले, फेसबुकला मात्र जुनाच नंबर राहिला. आता ‘पासवर्ड विसरलो’ म्हटले की कोड त्या नव्या ग्राहकाकडे जाणार. उलट बाजूने, आपल्या आधारवर कुणी भलताच नंबर घेतला आहे का, हे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येते.

जयंती मंडळाच्या आणि विहार समितीच्या पेजची गोष्ट याच जातीची आहे. बहुतेक ठिकाणी पेज एका उत्साही पोराने सुरू केलेले असते आणि तोच एकटा अ‍ॅडमिन असतो. तो नोकरीनिमित्त बाहेर गेला, मंडळात वाद झाला किंवा त्याचा फोन चोरीला गेला, की पेज बेवारस होते. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे, गावातल्या सगळ्या कार्यक्रमांचे फोटो त्यावर असतात, हजारो माणसे जोडलेली असतात. मंडळाच्या बँक खात्याला दोन सह्या लागतात, मग पेजला एकच माणूस का? किमान दोघे-तिघे अ‍ॅडमिन असावेत, त्यांची नावे बैठकीच्या इतिवृत्तात लिहावीत, पदाधिकारी बदलले की अ‍ॅडमिनही बदलावेत. आणि ज्याची सरकारी नोकरी आहे त्याला अ‍ॅडमिन करण्याआधी पुढचा भाग वाचावा.

२८ जुलै २०२५ चे परिपत्रक

राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने या दिवशी शासकीय कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबाबत सूचना काढल्या. त्या नुसत्या मंत्रालयातल्यांना नाहीत. प्रतिनियुक्तीवरचे, कंत्राटी, स्थानिक स्वराज्य संस्था, महामंडळे, सार्वजनिक उपक्रम यांचे कर्मचारी, सगळे त्यात येतात. म्हणजे सातारा जिल्हा परिषदेची शिक्षिका, मिरजेच्या सरकारी रुग्णालयातला कंत्राटी तंत्रज्ञ आणि सांगली महापालिकेचा सफाई कामगार, तिघेही. भंग झाल्यास महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम १९७९ प्रमाणे कारवाई होऊ शकते.

परिपत्रकातल्या काही गोष्टी कुणीही मान्य कराव्यात अशा आहेत. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाते वेगळे ठेवा, गोपनीय कागद मंजुरीशिवाय टाकू नका, बंदी घातलेली अ‍ॅप वापरू नका, द्वेष पसरवणारा किंवा भेदभाव करणारा मजकूर टाकू नका आणि पुढेही पाठवू नका, बदली झाली की कार्यालयीन खाते रीतसर हस्तांतरित करा. कामाच्या समन्वयासाठी व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम वापरायला मुभा आहे. योजनेच्या यशाबद्दल लिहिता येते, फक्त आत्मस्तुती नको.

अडचण होते ती दोन कलमांत.

पहिले : वैयक्तिक खात्यावर, प्रोफाइल फोटो सोडून, शासकीय पदनाम, बोधचिन्ह, गणवेश, शासकीय वाहन किंवा इमारत दाखवणारे फोटो, रील, व्हिडिओ टाकू नयेत. गणवेशातल्या रीलसाठी हे कलम केले असावे, आणि ते समजण्यासारखे आहे. पण आपल्या जिल्ह्यातले एक उदाहरण घ्या. ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस. १९०० साली याच दिवशी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले. शासनाच्याच निर्णयाने २०१७ पासून हा दिवस राज्यभर पाळला जातो. शिक्षिका कौतुकाने शाळेच्या दारात मुलांना उभे करून फोटो काढते आणि स्वतःच्या फेसबुकवर टाकते. कार्यक्रम सरकारी, हेतू चांगला, तरी सरकारी इमारत वैयक्तिक खात्यावर आलीच. एरवी कुणी बघणार नाही. पण ज्याला तिच्याविरुद्ध काही शोधायचेच आहे, त्याला ते पुरेल. तोच फोटो शाळेच्या खात्यावर टाकला तर हरकत घ्यायला जागाच नाही. स्वतःच्या भिंतीवर तिने मनातले चार शब्द लिहावेत, त्याला कुणाची ना नाही. मुलांचे चेहरे पालकांना विचारल्याशिवाय टाकू नयेत, हे परिपत्रक नसते तरी खरे.

दुसरे कलम अधिक जड आहे. राज्य शासनाच्या किंवा देशातल्या कोणत्याही शासनाच्या सध्याच्या किंवा अलीकडच्या धोरणावर, कृतीवर प्रतिकूल टीका करू नये. हे बंधन नवे नाही, १९७९ च्या वर्तणूक नियमांतही टीकेवर बंधन आहेच. पण तेव्हा टीका म्हणजे वर्तमानपत्रातला लेख किंवा सभेतले भाषण. आता स्टेटस, लाइक, फॉरवर्ड, कमेंट हे सगळे त्या जाळ्यात ओढता येते. शिष्यवृत्ती दोन वर्षे रखडली असे लिहिणे ही टीका की माहिती? माझ्या मते हे कलम गरजेपेक्षा फार रुंद आहे, आणि त्याचा फटका आधी त्यांनाच बसेल ज्यांच्यामागे कुणी उभे नसते.

न्यायालयांनी याबाबत काय म्हटले आहे तेही माहीत हवे. कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की सरकारी नोकरीत शिरला म्हणून माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत. जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने एका सरकारी कर्मचारी महिलेच्या फेसबुक पोस्टच्या प्रकरणात सांगितले की तिला स्वतःची राजकीय मते बाळगण्याचा आणि नियमांच्या मर्यादेत मांडण्याचा हक्क आहे. तिचे निलंबन रद्द झाले. निकाल चांगले आहेत. मात्र निलंबनाचा आदेश एका दुपारी निघतो आणि निकालाला वर्षे लागतात, हा हिशोबही डोळ्यांपुढे असावा.

मग गप्प बसायचे का? नाही. बुद्ध जयंतीच्या शुभेच्छा, बाबासाहेबांचे विचार, संविधानातली कलमे, चळवळीचा इतिहास, वाचलेले पुस्तक, यांपैकी कशावरही परिपत्रकात बंदी नाही. कार्यालयात कुणी ‘आता जयभीमचे स्टेटस ठेवता येणार नाही’ असे सांगत असेल तर त्याच्याकडे तसा लेखी आदेश मागावा. धोरणाविषयी तक्रार असेल तर लेखी निवेदन, कर्मचारी संघटना, माहिती अधिकाराचा अर्ज हे मार्ग उघडे आहेत. माहिती अधिकार नागरिकाला आहे आणि कर्मचारी हाही नागरिकच आहे.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला तेव्हा बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे सरकारी कॉलेजात, प्राध्यापक होते. अंकावर संपादक म्हणून नाव होते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. लिखाण थांबले नाही, जबाबदारी वाटून घेतली गेली. आजही नोकरीतला आणि नोकरीबाहेरचा कार्यकर्ता यांच्यात अशी वाटणी व्हायला हवी.

आणि म्हणूनच बाहेरच्या कार्यकर्त्यांना एक स्पष्ट विनंती. मोर्चाच्या, निषेधाच्या पोस्टला आपल्या ओळखीचे शिक्षक, तलाठी, पोलीस, नर्स यांना टॅग करणे बंद करा. २०२३ मध्ये मिरज तालुक्यातल्या बेडगच्या कमानीचा प्रश्न पेटला होता. अशा वेळी प्रत्येकाला वाटते, आपल्या सगळ्यांनी बोलले पाहिजे. बरोबर आहे. पण पन्नास जणांना टॅग केल्याने मोर्चातला एकही माणूस वाढत नाही. त्या पन्नासांतल्या वीस जणांच्या कार्यालयात मात्र कुणी तरी स्क्रीनशॉट काढून ठेवतो. तो वर्गणी देतो, मुलांना शिकवतो, अर्ज लिहून देतो, हे काय कमी आहे? ज्यांना टॅग होते त्यांनीही सेटिंगमध्ये जाऊन ‘आधी मला विचारा’ हा पर्याय सुरू करावा. फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हींत तो आहे.

खाजगी नोकरीत हे परिपत्रक लागू नाही, तिथे नेमणूकपत्र आणि कंपनीचे नियम चालतात. सही करताना ते कुणी वाचत नाही. यंत्राचा, उत्पादनाचा, ऑर्डरच्या कागदाचा फोटो स्टेटसला ठेवणे बहुतेक कंपन्यांत शिस्तभंग धरला जातो, मग शिरवळ असो की किर्लोस्करवाडी. कारणे दाखवा नोटीस आली तर तोंडी उत्तर देऊ नये. लेखी द्यावे, प्रत ठेवावी.

ग्रुपवर जातीचा विनोद आला तर

हे घडते. कार्यालयाच्या ‘फॅमिली’ ग्रुपवर, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दादरच्या गर्दीवर, किंवा आरक्षणावर. पहिला विचार येतो तो तिथल्या तिथे सुनावण्याचा, दुसरा ग्रुप सोडण्याचा. दोन्हींत तोटा आपलाच. रागात लिहिलेले आपले वाक्यच पुढे आपल्याविरुद्ध दाखवले जाते. आणि ग्रुप सोडल्यावर तिथे पुढे काय चालले याचा पुरावा आपल्याकडे येत नाही.

तिसरी चूक आपल्या ग्रुपांवर रोज होते. ‘बघा, कसे लिहिलेय, जास्तीत जास्त शेअर करा’ असे म्हणत तोच घाणेरडा मजकूर आपणच दहा गावांत पोहोचवतो. मजकूर पसरवणाऱ्याला तेच हवे असते. अफवेचे तर विचारूच नका. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात मुले पळवणारे समजून उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना लोकांनी मारहाण केली. वाट विचारणारा परका माणूस आणि डोक्यात घोळत असलेले अफवांचे संदेश, एवढे त्याला पुरले.

कायद्याची बाजू थोडक्यात. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम ३(१)(व्ही) आले. या समाजांना पूज्य असलेल्या दिवंगत व्यक्तीचा लेखी, तोंडी वा अन्य मार्गाने अनादर हा त्यात गुन्हा आहे. जातीवरून शिवीगाळीच्या कलमात ‘सार्वजनिक नजरेत’ घडल्याची अट आहे आणि खाजगी ग्रुपबाबत त्यावर न्यायालयात वाद होतो. ३(१)(व्ही) मध्ये तशी अट लिहिलेली नाही. धर्म बौद्ध लिहिला म्हणून हे संरक्षण जात नाही, १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झालेला आहे. जातीचा दाखला मात्र जवळ हवा.

ग्रुपच्या अ‍ॅडमिनला उगाच घाबरवले जाते. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितले की, सामाईक हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर दुसऱ्या सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येणार नाही. तरीही अ‍ॅडमिनने तो संदेश काढावा, पण आधी त्याची नोंद ठेवून.

नोंद म्हणजे नुसता स्क्रीनशॉट नव्हे. स्क्रीनशॉट कुणीही बनवू शकतो, आणि समोरचा वकील हेच म्हणणार. मूळ संदेश ज्या फोनमध्ये आहे तो फोन जपा, विकू नका, फॉरमॅट करू नका. पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचे नाव, तारीख, वेळ दिसेल असे चित्र घ्या. ‘एक्स्पोर्ट चॅट’ करून प्रत ठेवा. फेसबुक पोस्ट असेल तर तिची लिंक लिहून घ्या. न्यायालयात असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, पूर्वी ते ६५ ब म्हणून ओळखले जायचे. पोलीस ठाण्यात तक्रार देतानाच हे सगळे जोडले तर काम पुढे सरकते.

आपलेच खाते गेले असेल तर उशीर करू नका. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन, बाकी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवता येते. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख चोरून वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क प्रमाणे गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ठाणेदार ‘आमची हद्द नाही’ म्हणाले तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख करा : हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावी लागते, ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. त्याच दिवशी दुसऱ्या नंबरवरून ओळखीच्यांना कळवा की खाते माझ्या ताब्यात नाही. पोलिसांकडून तारीख-वेळेसह पोच घ्या, आणि तिची एक प्रत आपल्या कार्यालयप्रमुखाकडे आवक क्रमांक टाकून द्या.